मन्मथातले मासे

बाटलीच्या आत चित्र काढणारा चिनी कारागीर बांबूची काडी टोकाशी वाकवतो, तिला चार केस बांधतो आणि करंगळीही जाणार नाही अशा तोंडातून ती आत सरकवतो. चित्र बाहेरून दिसायचं असतं, म्हणून सगळं उलट्या क्रमाने. आधी माशाच्या डोळ्यातला ठिपका, मग डोळा, मग मासा, शेवटी पाणी.

पाडव्याला पंचांग वाचतात तेव्हा वर्षाचं नाव सांगतात. साठ नावं आहेत. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

शिंगटेवाडीच्या चावडीत सुभेदार भीमराव शिंगटे यांची तसबीर आहे. छातीवर पदक, हातात तलवार, नजर फोटोग्राफरच्या डोक्यावरून पलीकडे.

कवळी झोपताना काढून पाण्यात ठेवायची असते.

चामडं ओलं केलं की दातांत जास्त चांगलं बसतं. हे मला कोणी सांगितलं ते पुढे येईल.

"टोचतंय," हौसाक्का म्हणाल्या.

*

"कुठे टोचतंय?"

"तोंडात."

"तोंडात कुठे, आक्का?"

"समद्या तोंडात. तू डाक्तर हाईस, तूच हुडिक."

मी कवळी काढली, घासली, पुन्हा बसवली. त्यांनी जबडा मिटला, डावीउजवीकडे फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नुकतंच खोटं नाणं त्यांच्या हातावर ठेवलं आहे.

मिरजेत स्टेशन रोडला माझा दवाखाना होता तेव्हाची ही गोष्ट. हौसाक्का शिंगटे सत्तरीच्या घरातल्या. नऊवारी, रुंद खांदे, मान ताठ. उरलेसुरले दात मीच काढले होते, आणि काढताना मला घाम फुटला होता. एकेक मूळ असं रुतलेलं की चिमटा धरून मी खुर्चीभोवती अर्धी प्रदक्षिणा घालायचो. माझ्या उभ्या धंद्यात तसलं हाड मी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं, एवढंच मनात म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शेवटचा दात काढला त्या दिवशी त्या खुर्चीतून उतरल्या, कनवटीला हात घातला आणि हिरड्यांना लावायला तपकीर काढली.

"आक्का! ताज्या जखमेवर तपकीर? ठेवा ती आत!"

"झोंबत न्हाई मला."

"ठेवा म्हणतो ना—" एवढं बोललो आणि थांबलो. तपकीर ज्यातून निघाली ती कुपी त्यांच्या तळहातावर आडवी होती. वरचं बूच कुठल्यातरी औषधाच्या बाटलीचं. काच तपकिरीने काळवंडलेली. आणि काचेच्या पोटात, राखाडी पाण्यात, दोन लाल मासे.

*

माझ्याबद्दल एवढंच सांगायला हवं. दिवसभर मी बायाबापड्यांना मिश्री-तपकीर सोडा म्हणून दरडावायचो आणि घरी काचेच्या कपाटात चिनी तपकिरीच्या कुप्या मांडून ठेवायचो. आतून रंगवलेल्या. बायकोला ते कपाट म्हणजे माझं व्यसन वाटायचं आणि तिचं बरोबर होतं. एकेक कुपी मी हरखून आणायचो, भिंगाखाली धरायचो, मुंबईच्या दस्तूरशेठना फोन करायचो. दस्तूरशेठ म्हणजे या वस्तूंचे जुने व्यापारी. भिंगाशिवाय, टेलिफोनवरून, माझं वर्णन ऐकूनच त्यांना कळायचं.

"डॉक्टर, डोंगरावर धुका हाय? धुक्यात होडी?"

"हो."

"होडीत एक म्हातारा?"

"हो!"

"तर मग पर्यटकांचा माल. फेकून दे नी. दात काढ तू, दात."

असं वर्षानुवर्षं. कपाट भरलं होतं आणि त्यातल्या एकाही कुपीवर माझा पुरता भरवसा नव्हता. मला एक, फक्त एकच, निर्विवाद जुनी कुपी हवी होती. विकत मिळाली नाही तरी चालेल. मी ओळखलेली असावी.

आणि ती माझ्याच खुर्चीत बसून "टोचतंय" म्हणत होती.

*

आक्का कुपी हातातून सोडत नसत. म्हणून आमचा एक अलिखित करार झाला. त्यांचं तोंड मी तपासायचं, आणि तोंडात माप घेण्याचा मसाला घट्ट होईपर्यंत, बोलता येत नाही तेवढा वेळ, कुपी माझ्या हातात. मसाला निघाला की कुपी परत.

एवढ्या वेळात काय पाहणार? तरी मी पाहायचो. दाताच्या मुळाशी पाहायचा सगळ्यात बारका आरसा कुपीच्या मानेतून आत सरकवायचो. तळ भिंगाखाली धरायचो, कारण खोट्या जुनेपणाचे ओरखडे सगळे एकाच दिशेने जातात आणि खऱ्या वापराचे कसेही. तळावरचे ओरखडे कसेही होते. एका अंगाला मासे आणि दुसऱ्या अंगाला चार ओळींचं चिनी अक्षर. ओळींच्या शेवटी सन.

चिनी मला येत नाही. पण सनाचा तक्ता माझ्याकडे होता, आणि मसाल्याच्या दोन बैठकांमध्ये ती दोन अक्षरं मी जुळवली. बोकडाचं वर्ष. अठराशे पंचाण्णव.

दस्तूरशेठना फोन लावला.

"माशे?" ते म्हणाले. आणि या वेळी लगेच हसले नाहीत. "सन काय घातलाय?"

मी सांगितलं.

"अठराशे पंचाण्णव पन होय, नी एकोणीसशे पंचावन पन होय. साठ वरसात फिरून तेच अक्षर येते, डॉक्टर. ए तक्त्यात खाली बारीक लिहिलेला असते. वाचला नाय?"

वाचलं नव्हतं.

"मग कसं ओळखायचं?"

"कोनी आनली, कवा आनली, ते शोध. काच खोटा बोलते. मानूस बी बोलते, पन मानसाला दोनदा विचारता येते."

*

कोणी आणली हे सगळ्या गावाला माहीत होतं. आक्कांच्या दिराचा मुलगा जालिंदर शिंगटे, साखर कारखान्याचा संचालक, एका सकाळी पांढऱ्या जीपमधून दवाखान्यात आला आणि पेशंटांच्या बाकावर न बसता सरळ आत.

"डॉक्टरसाहेब, आमच्या सुभेदार पणजोबांचं स्मारक करतोय. मंत्री येणार उद्घाटनाला. तलवार आहे, पदक आहे, पगडी आहे. राहिली बाटली."

"कुठली बाटली?" मी उगीचच विचारलं.

"काकूच्या कनवटीला असते ती! सुभेदार पलटणीबरोबर चीनच्या मोहिमेवर गेले होते. बॉक्सरचं बंड. तिथून आणलेली. आमच्या घराण्याची वस्तू आहे हो, आणि ती त्यात तपकीर भरते. काचेच्या पेटीत ठेवायची म्हटलं तर देत नाही."

"काय म्हणतात?"

"म्हणते, माझी हाय. एवढंच. तुझी कशी, तर माझी हाय. आता तुम्ही तज्ज्ञ. कमिटीसमोर येऊन दोन शब्द सांगा, की एवढी एवढी जुनी आहे, सुभेदारांच्या काळातली. मग कमिटीचा निर्णय. चुलती असली तरी कमिटीपुढं तिचं काय चालणार?"

अठराशे पंचाण्णवला बनली, एकोणीसशेला पलटण गेली. जुळत होतं. इतकं जुळत होतं की त्या रात्री मला बायकोने दोनदा विचारलं, कशाला हसताय.

*

"स्मारकात ठेवली तर बरंच आहे की आक्का. जपली जाईल."

"तोंड रिकामं ठिवून मला झोप येत न्हाई," आक्का म्हणाल्या. त्यांची ही पद्धत होती. नको तो प्रश्न त्या ऐकतच नसत.

कवळी मधोमध तडकली होती. दुसऱ्यांदा. मी प्रयोगशाळेला फोन करून तिथल्या माणसाला वाट्टेल ते बोललो होतो, आणि तो म्हणाला होता की साहेब, याच मालाच्या कवळ्या उभ्या जिल्ह्यात चालल्यात, तडकते ती तुमचीच एक.

"झोपताना काढा म्हणून किती वेळा सांगितलं! पाण्यात ठेवायची."

"आन मी काय धरू?"

"धरायचं काय? झोपायचं!"

मी चिडलो होतो म्हणून विषय बदलला आणि साठ वर्षांची भानगड त्यांना सांगितली. चिनी लोकांच्या वर्षांना नावं असतात, ती फिरून येतात, म्हणून कुपी दोनपैकी कुठल्या सालातली ते ठरत नाही.

"आपल्यात बी हायत की नावं," त्या म्हणाल्या. "तुझं ते कंचं साल?"

"पंचावन्न. नाहीतर पंचाण्णव."

"पंचावन मंजी मन्मथ."

मी पंचांग काढून पाहिलं. मन्मथ. मागचं पंचाण्णवही मन्मथच असणार, साठच वर्षं.

"तुम्हाला कसं पाठ?"

"त्याच्या फुडलं दुर्मुख. दुर्मुखात माझं लगीन झालं." त्या खुदकन हसल्या, हिरड्या दिसल्या. "म्हून तर तोंडाचं असं झालं."

मला तेव्हा हे विचारायचं सुचलं नाही, की लग्नाचं साल सगळ्याच बायकांना पाठ असतं, पण त्याच्या आधीचं कशाला लक्षात ठेवलं. मी वेगळ्याच विचारात होतो. जबडा असा कवळ्या का फोडतो म्हणून मला त्यांच्या तोंडाचा एक्सरे काढायचा होता. आणि यंत्र सुरू आहेच तर एक फिल्म कुपीखालीही ठेवावी. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते उमटेल.

दोन्ही फिल्मा धुतल्या, खिडकीशी चिमट्यांना शेजारी शेजारी टांगल्या. कुपीच्या फिल्मवर काचेची सावली आली. मासे नाहीत, अक्षरं नाहीत; इतक्या पातळ रंगावरून काहीच ठरेना. ती मी उलटी धरली, सुलटी धरली, भिंगातून पाहिली, शेवटी वैतागून टेबलावर आपटली.

दुसरी फिल्म तिथेच टांगलेली राहिली. मी ती पाहिली नाही.

*

कमिटीच्या सभेच्या आदल्या दिवशी आक्का एकट्याच एसटीने आल्या. नंबर लावला नाही. सरळ खुर्चीत.

"टोचतंय?"

"ते ऱ्हाऊ दे. उद्या तू काय सांगनार?"

"जे वाटतं ते. जुनी आहे. सुभेदारांच्या काळातली असू शकते."

"नकली म्हन."

"काय?"

"नकली हाय म्हन. बाजारू हाय म्हन. जालिंदरला नकली वस्तू पेटीत नगं. मंत्र्याफुडं लाज जाईल त्याची. मग माझी मला ऱ्हाईल."

"पण ती नकली नाही, आक्का!"

"तुला ठावं हाय?"

वर्षभर कुपीच्या मानेत आरसा घालून मी एवढंच मिळवलं होतं, की मला ठाऊक नव्हतं.

"सुभेदारांची वस्तू सुभेदारांच्या स्मारकात गेली तर तुमचं काय जातं?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"ती सुभेदाराची न्हवं."

"मग कोणाची?"

"माझी."

"तुम्हाला कुठून मिळाली?"

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं सांगताहेत. पण त्यांनी नुसतं तोंड उघडून धरलं, माझ्याकडे रोखून पाहत, आणि मी सवयीने आरसा घेऊन वाकलो. तेव्हा त्यांनी ते मिटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "नकली म्हन, झालं."

एक गोष्ट खरी आहे. या छंदात एखादी वस्तू खरी म्हणणाऱ्याची फजिती होते. खोटी म्हणणाऱ्याची कधीच होत नाही. मला त्या कुपीचा, त्या कवळीचा आणि त्या म्हातारीचा उबग आला होता. मी म्हणालो, बरं.

*

कमिटीच्या सभेसाठी शिंगटेवाडीत मारुतीच्या देवळापुढे मांडव घातला होता. मधे काचेची पेटी. तलवार, पदक, पगडी, आणि मखमलीवर एक रिकामी जागा. कुपी तेवढ्यापुरती जालिंदरने आक्कांकडून घेतली होती, तपासणीसाठी म्हणून. बायका एका अंगाला, आक्का खांबाशी.

"आता मिरजेचे सबनीस डॉक्टर दोन शब्द सांगतील," जालिंदर माइकमध्ये म्हणाला. "चिनी वस्तूंचे अभ्यासक आहेत. वर्षभर या वस्तूचा अभ्यास चालू आहे."

मी उठलो. कुपी उन्हाला धरली.

"ही वस्तू जुनी नाही," मी म्हणालो.

मांडवात हालचाल झाली. जालिंदर हसरा चेहरा तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिला.

"असा माल तिकडे बंदराबंदरावर विकतात. परदेशी माणसांना दिसायला जुना दिसावा म्हणून मुद्दाम तसा करतात."

"मंजी सुभेदारांनी आणलेली न्हवं?" मागून कोणीतरी.

"सुभेदारांना फसवलं चिन्यानं!" दुसरा. लोक हसले.

इथे थांबायला हवं होतं. पण वर्षभराचा वैताग तोंडाशी आला होता, आणि माइक हातात असला की माणूस आणखी दोन वाक्यं बोलतोच.

"कामही यथातथा आहे. हे मासे पाहा. हा मासा ज्याने काढला त्याने जिवंत मासा कधी पाहिलाही नसेल. दोन दमडीची वस्तू. असली वस्तू कोणी मोलाची म्हणून सांभाळत असेल तर ती फसवणूक—"

"मासं खरं हायत."

आवाज माइकशिवाय सगळ्या मांडवात गेला. आक्का खांब सोडून पुढे आल्या होत्या.

"काकू, बसा तुम्ही," जालिंदर म्हणाला.

"गप रे. डाक्तर, मीच तुला नकली म्हन म्हनलं. पर माशास्नी नावं ठिवू नगंस. मासं खरं हायत. ज्यानं मला दिली त्यो बी खरा हुता." मग त्या लोकांकडे वळल्या. "सुभेदाराचा हिच्याशी काय संबंद न्हाई. ही मला दिलीया. हाँगकाँगला. मन्मथात. मी सर्कशीत हुते."

देवळातल्या घंटेचा दोर वाऱ्याने हलत होता तो सगळे पाहू लागले.

"सर्कशीत काय—" जालिंदरचा आवाज फाटला, "—सर्कशीत काय करायचीस?"

"दातानं टांगून घ्यायची. वर तंबूच्या शेंड्याला चामड्याचं पट्टं, त्ये दातात धरायचं, हात सोडायचं, आन गरागरा फिरायचं."

"आरं तिच्या!" मागून एक म्हातारा उठून उभा राहिला. गणू आण्णा म्हणतात त्यांना. "तासगावच्या मैदानात! मी बघितलीया! मिस हंसा! हिरवा झगा हुता! ती तू व्हय गं हौसा?"

"व्हय."

"चाळीस वरसं माझ्या बांधाला बांध लावून ऱ्हातीस आन बोलली न्हाईस!"

"सासूनं सांगिटलं, सर्कशीचं नाव ह्या उंबऱ्यात नगं. बाटली कुटली इचारलं तर सुभेदाराची म्हनायचं. म्हनले. ती बी गेली, मालक बी गेलं. आता मी कुनाची भीड धरू?" त्यांनी हात पुढे केला. "आन ती."

मी कुपी त्यांच्या हातात ठेवली. जालिंदर मधे आला नाही. आक्कांनी बूच काढलं, कनवटीतल्या तारेच्या आकड्याने चिमूटभर तपकीर काढली आणि पेटीतल्या तलवारीसमोर उभ्या राहून सावकाश हिरडीला लावली.

*

त्यांच्या ओट्यावर चहा आला. गणू आण्णा कुंपणापलीकडून अजून काहीतरी ओरडत होते, झग्याबद्दल.

"मालक सर्कशीत घोडी सांभाळायचं," आक्का म्हणाल्या. "सिंगापूर, हाँगकाँग, समदं संगंच केलं. मग घरची आठवण आली त्यास्नी. घिऊन आलं मला."

"आणि कुपी?"

"एक म्हातारा हुता चिनी. तुझ्यावानी चष्मा. रोज खेळाला याचा, पुढल्या रांगंत. त्येला वाटायचं ह्यात काय तरी चलाखी हाय. दातामागं आकडा बसिवलाय, दात खोटं हायत, असं कायबी. एक दिस खेळ झाल्यावर तंबूमागं आला. मला खुनंनं म्हनला, तोंड उघड."

"उघडलंत?"

"उघाडलं की. त्यानं येक येक दात बोटानं हालवून बघितला. हिरड्या बघितल्या. जबडा असा दोनी बाजूनी दाबला. आन गपकन हात मागं घेतला. डोळ्यांत पानी त्याच्या. मग बाहीतनं ही काढली, तपकीर वतून टाकली आन माझ्या हातावर ठिवली." त्यांनी कनवटीवरून हात फिरवला. "त्यानं येकदा बघितलं आन वळखलं. तू वरीसभर बघतुयास. काल बी तुला दावलं."

मी चहा खाली ठेवला.

"चामडं ओलं करायचं," त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "वाळलेलं घसरतं. ओलं दातात चांगलं बसतं. झोपंत बी अजून धरते मी. सोडलं की पडल्यावानी हुतंय."

आणि तरीही, एवढं ऐकल्यावरही, मला तेच विचारावंसं वाटलं. माणूस सुधारत नाही.

"आक्का, त्या म्हाताऱ्याने ती नवीच विकत घेतली होती, की त्याच्याकडे जुनी होती? तरुणपणापासूनची?"

मला दिसत होतं, की सगळं पुन्हा तिथेच येऊन थांबलं आहे. पंचावन्न साली दिलेली कुपी पंचावन्न सालीच बनलेली असेल, किंवा त्या म्हाताऱ्याने विशीत घेतलेली, साठ वर्षं बाहीत बाळगलेली. अक्षरं दोन्ही वेळा तीच.

"त्याची भासा मला कुटं येत हुती?" आक्का म्हणाल्या. "म्हातारा हुता, एवढं दिसत हुतं. बाटलीचं वय त्यालाच इचारायचं."

*

दवाखान्यात परतलो तेव्हा खिडकीशी ती दुसरी फिल्म तशीच टांगलेली होती. उजेडाला धरली. जबड्याच्या दोन्ही अंगांना, आतल्या बाजूला, हाडाचे गठ्ठे. एखाद्या झाडाला दोर बांधून ठेवला की खोड त्याच्या वरखाली फुगतं, तसे. कवळी त्यांच्यावर टेकत होती, म्हणून टोचत होती. आणि रात्री त्या चावत होत्या, म्हणून तडकत होती. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने सांगितलं असतं, या जबड्याने आयुष्यात काहीतरी फार जड धरलं आहे.

पुढची कवळी मी जाड केली, आत जाळी घातली, गठ्ठ्यांना जागा सोडली. काढून झोपा असं पुन्हा सांगितलं नाही. ती तडकली नाही. टोचते का विचारलं, तर म्हणाल्या, "टोचली तर सांगंन की."

दस्तूरशेठनी फोनवर विचारलं, "शेवटी काय ठरला? पंचान्नव की पंचावन?"

"मन्मथ," मी म्हणालो.

"ए काय सन हाय?"

"आमच्याकडे आहे."

कुपी शेवटी पाहिली तेव्हा सनाची अक्षरं गेलेली होती. आक्का रोज आकड्याने तपकीर काढायच्या, रोज काच थोडी खरवडली जायची. मी रागावलो. आक्का, निदान सन तरी ठेवायचा होता. त्यांनी कुपी फिरवून दाखवली. मासे जसेच्या तसे, शेपट्यांसकट. "त्या अंगानं मी आकडा घालतच न्हाई," त्या म्हणाल्या.

स्मारकाच्या पेटीत मखमलीवरची ती जागा पुढे पानसुपारीच्या पितळी डब्याने भरली.

हाँगकाँगला त्या खेळाच्या वेळी हौसाक्कांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, आणि खाली जाळी बांधलेली नव्हती.